शहाण्णव फ्रेमचं जाळं

आमची चित्रफीत ४८ सेकंदांची, नऊ शॉटची. सहाव्या शॉटमध्ये एक म्हातारा कोळी खाडीच्या काठावर उभा राहून हातानं जाळं फेकतो, ते हवेत उघडतं आणि पाण्यात पडतं. लांबी ४ सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम. बाकीच्या आठ शॉटना मिळून जेवढा वेळ गेला, जवळजवळ तेवढाच या एकट्यानं खाल्ला. हे टिपण त्या शॉटचं आहे.

मागणी

ठाण्यातल्या आमच्या भागातल्या एका गणेशोत्सव मंडळानं देखाव्याला खाडी हा विषय घेतला. ठाणं तलावांचं शहर, हे शाळेपासून ऐकत आलोय. खाडीकडे लक्ष जातं ते कळव्याच्या पुलावर गाडी अडकली की. मूर्तीच्या शेजारच्या पांढऱ्या पडद्यावर सतत फिरत राहील अशी छोटी चित्रफीत मंडळाला हवी होती. बजेट १५ हजार, मुदत चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत, हातात अकरा आठवडे. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. अ‍ॅनिमेशन शिकले होते, पण त्याला बरीच वर्षं झाली. मदतीला भाची, कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. काम कागदावरच करायचं हा माझा हट्ट, तिला टॅबवर करायचं होतं. "मावशी, एवढा कागद कशाला फुकट घालवतेस?" हे तिचं पालुपद अकरा आठवडे चाललं, आणि काही ठिकाणी तिचंच बरोबर निघालं.

पहिल्याच बैठकीत मंडळातल्या एका पोरानं फोनवर एआयकडून दोन मिनिटांत जाळं फेकणारा कोळी तयार करून दाखवला. दिसायला झकास. मावळता सूर्य, पाण्यावर सोनं, म्हाताऱ्याच्या दाढीचा केस न् केस वेगळा. फक्त त्याच्या मनगटाची दोरी जाळ्याला बांधलेलीच नव्हती, आणि जाळं फेकून झाल्यावर त्याच्या हातात दुसरं जाळं होतं. मंडळी हसली आणि काम आमच्याकडे आलं. तेव्हा मीही हसले. महिन्याभरानं माझ्याच चित्रात तशीच चूक सापडली.

दिवाळे

मंडळातल्या एकाच्या सासुरवाडीकडून बेलापूरच्या दिवाळे गावातल्या एका काकांची ओळख निघाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. मुलांची होडी किनाऱ्याला ओढलेली, त्यामुळे घरात सगळे निवांत. काठावरून हातजाळं फेकायला बंदी आड येत नाही. या जाळ्याला तिकडे पाग म्हणतात. गोल, मधोमध दोरी, कडेला शिशाच्या गोळ्या.

कधी येऊ विचारलं तर काकांनी तिथी विचारली. पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. "पाणी चढतं असताना या, एक-दीडला," ते म्हणाले. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून आम्ही दोघी दुपारी बेलापूरला उतरलो, वरून रिमझिम. काकांनी सात वेळा जाळं फेकलं. भाचीनं फोनवर टिपलं, मी वहीत बोटभर उंचीच्या आकृत्या काढल्या. सातपैकी दोनदा जाळं नीट उघडलंच नाही. एकदा लांबोडकं केळ्यासारखं पडलं आणि काका आमच्यापेक्षा जास्त हसले.

त्या वहीतल्या आकृत्या मी घरी आल्यावर बाजूला ठेवल्या, कारण आता व्हिडिओ होता.

पहिली आवृत्ती

व्हिडिओवरून चित्र गिरवणं ही जुनी वाट आहे. अमेरिकेतल्या मॅक्स फ्लायशर या अ‍ॅनिमेटरला अशा गिरवण्याच्या यंत्राचं, रोटोस्कोपचं, पेटंट १९१७ साली मिळालं. चित्रित केलेल्या माणसाची एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. आमच्याकडे काचेऐवजी लॅपटॉप आणि प्रिंटर. भाचीनं सर्वांत चांगली फेक निवडली, सेकंदाला १२ याप्रमाणे ४ सेकंदांच्या ४८ फ्रेम काढल्या, झेरॉक्सवाल्याकडे छापून आणल्या. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवून मी गिरवायला बसले. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो, पण प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं, ज्याला या धंद्यात टूजवर काम करणं म्हणतात, तर १२ चित्रांत भागतं. हिशेब चोख होता.

प्रत्येक चित्रात जाळ्याची वीण काढायची, म्हणून एका चित्राला साधारण ४० मिनिटं. ४८ चित्रांचे ३२ तास. दोघींनी वाटून आठ दिवसांत उरकलं. पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्ची चित्रं नुसती फोटो काढून सलग चालवून पाहणं, आम्ही रात्री अकराला केली.

माणूस पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. हात वळत होते, कंबर वळत होती, पण काही फेकल्यासारखं वाटत नव्हतं. हवेतलं जाळं तर उकळत्या दुधासारखं दिसत होतं. वीण प्रत्येक चित्रात हातानं वेगळी काढलेली, एकही धागा मागच्या चित्रातल्या जागी नाही. वीण कितीही नेटकी काढली तरी हे होणारच होतं. त्या जाळ्याला दीड-दोनशे तरी डोळे, म्हणजे विणीतली भोकं, होते.

दुसऱ्या दिवशी मी ४८ चित्रं जमिनीवर ओळीनं मांडली. फोनवर फेक आणि उघडणं मिळून साधारण दोन तृतीयांश सेकंदाचं, म्हणजे आमच्या ४८ पैकी फक्त ८ चित्रं. उरलेली ४० आधीच्या चाचपणीची आणि नंतरच्या पाण्याची. त्या ८ चित्रांतही व्हिडिओ धूसर होता, हात म्हणजे नुसता फराटा. मी मात्र तिथे अंदाजानं पाची बोटं काढलेली. कॅमेऱ्यानं जिथे वेग नोंदवला होता तिथे मी तो पुसून टाकला होता. शिवाय गिरवताना प्रत्येक फ्रेम सारख्याच इमानानं गिरवली जाते. कुठली महत्त्वाची आणि कुठली नुसती मधली, हे ठरवायचं काम मी कोणावर सोपवलं होतं? झेरॉक्सवाल्यावर.

ती टेस्ट काकांना फोनवर दाखवायला पुन्हा दिवाळ्याला गेलो. त्यांनी तीनदा पाहिली. मग म्हणाले, "ताई, ह्याच्या जाळ्याला वजनच नाय. आणि दोरी कुठंय?"

दोरी नव्हती. व्हिडिओत ती अंगाच्या आड होती, म्हणून ४८ चित्रांत कुठेच आली नव्हती. एआयच्या कोळ्याला हसणाऱ्या आम्ही! काका उठले, दोरी मनगटाला अडकवली, जाळ्याचा एक भाग कोपरावर घेतला आणि न फेकता नुसती हालचाल करून दाखवली. "हातानं नाय टाकत. कमरेनं टाकायचं. हात फक्त सोडतात." मग पुढच्या पायावर थाप मारून म्हणाले, "तुमचा माणूस हा पाय उचलतो. पडंल पाण्यात."

परतीच्या गाडीत मी जुनी वही उघडली. पहिल्या दिवशी काढलेल्या बोटभर आकृत्यांमध्ये पुढचा पाय चिखलात रुतलेला होता, कंबर पार मागे पिळलेली होती, आणि एका चित्रात दोरीही होती.

पोत

आता गिरवायचं नाही, मुख्य चित्रं आधी आणि मधली नंतर, एवढं ठरलं. माणसाची मुख्य चित्रं वहीवरून एका दिवसात झाली: उभा, मागे पिळलेला, सोडतानाचा, आणि सोडून झाल्यावर ओणवा. जाळ्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. वीण काढली तर उकळते, न काढली तर चादर फेकल्यासारखी वाटते. भाची म्हणाली, टॅबवर एकदाच काढू आणि ताणू. करून पाहिलं. ताणलेली वीण खिडकीच्या जाळीसारखी दिसली, एकदम पत्र्याची.

जाळं उघडताना त्याच्या कडेचं नक्की काय होतं, हे आधी समजून घ्यावं म्हणून मी टेबलावर दोरा ठेवून पाहायला लागले. दोरा हलका, आकार धरेना. आईच्या डब्यात तुटलेली काळ्या मण्यांची पोत होती, ती मागून घेतली. टेबलावर पांढरा कागद, वर पोत, स्टूलवरून खाली तोंड केलेला फोन. पोत थोडी सरकवायची, एक फोटो. पुन्हा थोडी, पुन्हा फोटो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या अशाच एकेक करत सरकवून छोटी चित्रफीत केली होती. शंभरेक वर्षांनी ठाण्यातल्या स्वयंपाकघरात आम्ही मणी सरकवत होतो आणि आई विचारत होती, जेवायला टेबल कधी मोकळं होणार.

बावीस फोटो झाले. फोनवर चालवून पाहिले आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. टेबलावर फक्त मण्यांची एक वळवळती कड होती, आत कोरा कागद, आणि तरी ते जाळं होतं. आधी वाटोळी गुंडी, मग एका बाजूनं फाटल्यासारखी सुटणारी कड, मग बदाम, मग वर्तुळ. जाळं सगळीकडून सारखं उघडत नाही, हेही तिथेच कळलं. लांबच्या गोळ्या आधी निघतात आणि हाताजवळच्या मागे राहतात, म्हणून मधे तो बदामाचा आकार येतो. मी आधीच्या आवृत्तीत छत्री उघडावी तसं उघडलं होतं.

म्हणजे वीण काढायचीच नव्हती, मणी काढायचे होते. शिशाच्या गोळ्या हेच जाळ्याचं वजन, आणि काकांची तक्रार वजनाचीच होती. गोळ्या २४ ठेवल्या. खऱ्या जाळ्याला पुष्कळ जास्त असतात, पण २४ असल्या की प्रत्येक गोळी चित्रागणिक कुठे गेली याचा माग ठेवता येतो. एक गोळी आम्ही लाल पेन्सिलीनं काढत होतो, नुसती मोजणी चुकू नये म्हणून. आत वीण फक्त एका चित्रात: जाळं पूर्ण उघडून हवेत थांबतं तिथे. ते एक चित्र मी सव्वा तास बसून काढलं, डोळा न् डोळा. ते ५ फ्रेम दिसतं, सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. आधीच्या आणि नंतरच्या कोऱ्या चित्रांतही पाहणाऱ्याला वीण दिसते. आम्ही घरच्या सहा जणांना दाखवून विचारलं, जाळ्याला वीण किती वेळ होती? सगळे म्हणाले, पूर्ण वेळ.

एक्सपोजर शीट

कुठलं चित्र किती फ्रेम राहणार हे एका उभ्या तक्त्यात लिहितात, त्याला एक्सपोजर शीट म्हणतात. मी ती वहीच्या पानावर पट्टीनं आखली. शेवटी ठरलेला हिशेब असा झाला:

उभा माणूस, तीनच चित्रं आलटूनपालटून, म्हणजे रेषा थोडी थरथरत राहते आणि माणूस जिवंत वाटतो: १८ फ्रेम. मागे पिळणं, ५ चित्रं टूजवर, त्यातलं शेवटचं जास्तीच्या ८ फ्रेम थांबवलेलं: १८. फेक, ३ चित्रं, प्रत्येकी एकच फ्रेम: ३. जाळं उघडणं, ४ चित्रं, तीही एकेक फ्रेमची: ४. उघडलेलं जाळं हवेत, ते वीणवालं चित्र: ५. खाली पडणं: ३. मग पाण्यावरची वलयं, ६ चित्रं प्रत्येकी तीन फ्रेम: १८. आणि रिकामं पाणी: २७.

बेरीज ९६. चित्रं २५, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या निम्म्याला थोडी जास्त. वेळ मात्र दुप्पट लागला, कारण इथे एकेक चित्र तीन-तीनदा बदललं.

यात खोटं किती आहे पाहा. खरी फेक दोन तृतीयांश सेकंदाची, आमची ७ फ्रेम, एक तृतीयांशही नाही. खरं जाळं हवेत थांबत नाही. आमचं ५ फ्रेम थांबतं. सुरुवातीला मी ते २ फ्रेमच थांबवलं होतं, दिसलंच नाही. ८ केल्यावर फोटो फ्रेममध्ये अडकल्यासारखं झालं. ५ वर आलो तेव्हा भाची नुसती "हां" म्हणाली. फेकीतल्या तीन चित्रांत हात हात राहिलेला नाही, खांद्यापासून जाळ्यापर्यंत एकच रुंद फराटा आहे. ती चित्रं सुटी पाहिली तर कुणीही म्हणेल, बाई, तुम्हाला हात काढता येत नाहीत.

सगळ्यात जास्त भांडण त्या ८ फ्रेमच्या थांबण्यावर झालं. माणूस मागे पिळून क्षणभर थांबतो तिथे. भाचीचं म्हणणं, काका थांबत नाहीत, सलग वळतात. खरं होतं. पण न थांबवता फेक आली की पाहणाऱ्याला कळतच नाही काय झालं. डोळा तयार होईपर्यंत ७ फ्रेम संपून जातात. मी हट्ट धरला. एक तडजोड झाली: त्या थांबण्यात माणूस स्थिर, फक्त कोपरावरच्या जाळ्याच्या चार गोळ्या थोड्या झुलतात. ही तिची कल्पना, आणि माझ्या मते शॉटमधली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे. त्या चार गोळ्या वेगळ्या कागदावर काढून वर ठेवल्या, म्हणून २५ च्या हिशेबात धरल्या नाहीत.

कागद आणि पाऊस

हे थोडक्यात. चित्रं एकावर एक बिनचूक बसावीत म्हणून कागदाला भोकं पाडून ती खुंट्यांच्या पट्टीत अडकवतात. त्यासाठीचा खास पंच महाग. आम्ही ऑफिसातला साधा दोन भोकांचा पंच वापरला. त्याच्या भोकांमध्ये ८० मिलिमीटर अंतर ठरलेलंच असतं, भोक ६ मिलिमीटरचं. फर्निचरवाल्याकडून प्लायच्या पट्टीवर त्या मापाच्या दोन खुंट्या बसवून घेतल्या. एका वेळी पाचाहून जास्त कागद पंच केले की खालचे सरकतात, हे पन्नासेक कागद वाया गेल्यावर कळलं.

जुलैत दुसरंच संकट. ठाण्याची दमट हवा कागद पितो आणि फुगतो, तोही सगळ्या दिशांनी सारखा नाही. कागदातल्या धाग्यांच्या दिशेला आडवा जास्त. जूनमधलं चित्र आणि जुलैमधलं चित्र एका पट्टीत अडकवलं तर पाय जुळत, डोकं मिलिमीटरभर सरकलेलं. पडद्यावर म्हातारा उगाच मान हलवायचा. मग सगळे कागद झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या. आणि प्रत्येक कागदाच्या चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या, म्हणजे स्कॅन केल्यावर भोकांऐवजी फुल्यांवरून जुळवता येतं. हे भाचीनं सुचवलं, टॅबवरच्या सवयीतून. स्कॅन झाल्यावरचं सगळं तिनंच ओपनटून्झमध्ये केलं. हे सॉफ्टवेअर २०१६ पासून मोफत आहे आणि कागदावरच्या कामासाठी चांगलं चालतं.

मांडवात

पूर्ण चित्रफीत ३१८ चित्रांची झाली. मांडवात लावून पाहायला आम्ही चतुर्थीच्या चार दिवस आधी गेलो, ते बरं झालं. पडद्याशेजारी रोषणाईची माळ, समोर हॅलोजन. पेन्सिलीची रेष कुठल्या कुठे गेली होती. गोळ्या तेवढ्या दिसत होत्या! घरी येऊन भाचीनं सगळ्या रेषा संगणकावर जाड केल्या, त्यात वीणवाल्या चित्राचं भरीत झालं, म्हणून ते एक पुन्हा हातानं काढलं, डोळे मोठे आणि निम्मे. मांडवात जे दिसलं ते हे दुसरं चित्र. पहिलं मला अजून जास्त आवडतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहतो तो फेक गायब. माणूस मागे वळायचा आणि एकदम पाण्यात जाळं. कुणीतरी मूळ फाइल सोडून फोनवरून पाठवलेली, बारीक केलेली कॉपी लावली होती, आणि बारीक होताना नेमक्या एकेक फ्रेमच्या चित्रांतली काही उडाली होती. टूजवर असतं तर बहुधा निभावलं असतं. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन दिली, कॉपी पुसायला लावली.

काका तिसऱ्या दिवशी मुलासुनेबरोबर आले. दर्शन घेतलं, मग पडद्यासमोर दोन-तीन फेऱ्या पाहिल्या. दोरी दिसल्यावर माझ्याकडे पाहून मान हलवली. पायाबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे तो जमला असं मी धरून चालले आहे. मग म्हणाले, "जाळं टाकलं ते ठीक. ओढताना मात्र तुमचं जाळं कोरडं हाय."

ते आठव्या शॉटबद्दल होतं. भिजलेलं जाळं वर येताना जड होतं, लांबतं, त्यातून पाणी गळतं, ओढणाऱ्याचे खांदे खाली जातात. आम्ही वेळ संपत आला म्हणून तिथे नुसते दोरी ओढणारे हात जवळून दाखवले होते आणि कडेला कोपऱ्यात थोडं जाळं. चूक लपेल असं वाटलं होतं. विसर्जनानंतर भाचीनं त्या शॉटसाठी ६० कागद पंच करून डब्यात ठेवलेत. पोत आईनं ओवून घेतली आहे, त्यामुळे या वेळी मणी दुसरीकडून आणावे लागतील.